कापायचं नाही, मग काय?

माझी फाइल साडेतीन सेंटिमीटर जाड आहे. पट्टी लावून मोजली आहे. भूमिती शिकवणाऱ्या बाईला तेवढी खोड असतेच. सगळ्यात खाली एकोणिसाव्या वर्षी फुटलेल्या अपेंडिक्सचं डिस्चार्ज कार्ड आहे, घडीवर फाटलेलं. त्याच्यावर सिझेरियन. त्याच्यावर पाच वर्षांपूर्वी आतडं अडकलं तेव्हाचे चार दिवस. मग सोनोग्राफ्या, सिटी स्कॅन, रक्ताचे कागद, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी ‘नॉर्मल’. सगळ्यात वर पुण्यातल्या एका सर्जनची चिठ्ठी : दुर्बिणीतून पोट बघणे, चिकटलेली आतडी सोडवणे. तारीख १९.

ती फाइल घेऊन मी मिरजेला मामाकडे गेले. मामा चौतीस वर्षं लोकांची पोटं उघडत होता. आता चौऱ्याहत्तरचा आहे, रोज सकाळी तंबोरा जुळवतो आणि त्यानंतर जे गातो त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

“हे करू नकोस,” तो म्हणाला. चष्मासुद्धा अजून काढला नव्हता.

“चिठ्ठी नीट वाचलीस तरी?”

“वाचली. माणूस चांगला दिसतो. अक्षर लागतं. तरी करू नकोस.”

“का?”

“मी पुष्कळ केली म्हणून.”

मामाचं हे जुनं आहे. कारण विचारलं की तो अनुभव सांगतो. मी म्हटलं, मला चौथीच्या पोराला सांगतात तसं सांग, पण पहिल्यापासून सांग.

“बरं. पोटाला आतून एक पातळ, ओलसर पडदा असतो. आतड्यांवरूनही तोच गेलेला असतो. त्यामुळे आतडी एकमेकांवरून घसरत राहतात, तुला पत्ताही लागत नाही. त्या पडद्याला हात लागला, कापसाची घडी घासली, हवेनं तो सुकला, रक्त सांडलं, पू साठला, की शरीर तिथे खळ लावतं. फायब्रिनची. चांगल्या नशिबाचं पोट आठवडाभरात ती खळ विरघळवून टाकतं. नाही विरघळली तर तिच्यात पेशी शिरतात, कोलॅजन भरतं, बारीक रक्तवाहिन्या येतात, आणि खळीचा दोरा होतो. तो मग कायमचा. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या दहांतल्या नऊ जणांच्या पोटात थोडेफार दोरे असतातच. तुझं तर अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता.”

“म्हणजे माझ्या पोटात ते आहेत, हे तुला कबूल.”

“डोळे मिटून.”

“आणि पोटाच्या टीबीतही असंच चिकटतं ना?”

“टीबीत तर विचारू नकोस. नव्या-नव्या सर्जननं पाणी झालंय म्हणून पोट उघडावं आणि आत सगळा एकच गठ्ठा. कुठलं आतडं कुठं सुरू होतं कळत नाही. आमचे सर सांगायचे, इथे बोट घालायचं नाही, एक तुकडा तपासणीला घ्या, पोट बंद करा आणि गोळ्या सुरू करा. दुसऱ्या एका प्रकारात ओटीपोटातला संसर्ग वर चढतो आणि यकृत नि पोटाची भिंत यांच्यामध्ये तारा ताणल्यासारखे दोरे येतात. पुस्तकं त्यांना व्हायोलिनच्या तारा म्हणतात. आम्ही मिरजेचे, आम्ही तंबोऱ्याच्या म्हणायचो.”

तो हसला. मला हसू आलं नाही. त्या क्षणी माझी तार लागली होती.

“मग तार तोडायची,” मी म्हटलं. “साधी गोष्ट आहे. दोरा आहे, दोरा ओढतो, ओढला की दुखतं. दोरा काप.”

“हीच ती साधी गोष्ट, जिच्यावर मी पंधरा-वीस वर्षं विश्वास ठेवला. तुझ्या मामीचं पित्ताशय काढलं तेव्हा मी बाहेर बसलो होतो. सर्जन बाहेर येऊन म्हणाला, सर, जुन्या टाक्याखाली सगळी चरबीची चादर चिकटलेली आहे, शिरायला जागा नव्हती. तिला विचार कधी दुखलं का.”

मामी आतून म्हणाली, “माझ्या पोटात काय चिकटलंय ते अख्ख्या मिरजेला सांगून झालं. आता भाचीला सांगा.” आणि मग, “नाही गं, कधी दुखलं नाही. खोटं कशाला बोलू.”

“बघ. भरपूर दोरे, दुखणं शून्य. उलट एखादीच्या पोटात करंगळीएवढा एक दोरा, आणि ती रडतेय. दोरे किती आहेत यावरून दुखणं किती हे ठरत नाही. मग मी कापतो ते नेमकं काय?”

“२००१ मध्ये माणसांच्या पोटातले असे दोरे तपासले होते,” मी म्हटलं. मीही वाचून आले होते. “त्यात संवेदना नेणारे मज्जातंतू सापडले. दोरा म्हणजे नुसती सुतळी नाही, मामा. त्याला कळतं.”

“सापडले. पण न दुखणाऱ्यांच्या दोऱ्यांतही सापडले.”

इथे मी गप्प बसले, कारण हे मी वाचताना गाळलं होतं.

मामानं तेवढ्यात त्याचा हुकमाचा पत्ता काढला. नेदरलँड्समधली चाचणी, २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेली. पोट कायम दुखणारी शंभर माणसं, दुसरं कारण न सापडलेली, आतडी चिकटलेली. सगळ्यांच्या पोटात दुर्बीण घातली. बावन्न जणांचे दोरे सोडवले. अठ्ठेचाळीस जणांचे नुसते बघितले आणि पोट बंद केलं. कुणाचं काय केलं हे पेशंटलाही सांगितलं नाही आणि नंतर तपासणाऱ्यालाही नाही.

“वर्षभरानं दोन्हीकडच्या लोकांना चांगला आराम होता. दोन गटांत फरक नाही. २०१७ मध्ये त्याच लोकांचा बारा वर्षांनंतरचा हिशेब आला. ज्यांचे दोरे कापले होते त्यांना दुखणं जास्त, गोळ्या जास्त, पुन्हा ऑपरेशनं जास्त. कारण उघड आहे. कापलं तिथे नवी जखम, नवी जखम तिथे नवी खळ. आणि कापताना आतड्याला भोक पडलं तर काय होतं ते मी दोनदा बघितलंय. माझ्याच हातून.”

“दोघं?”

“एक वाचला.”

कढीला उकळी आल्याचा वास आला. मामानं फाइल मिटून बाजूला सारली, जणू निकाल लागला. मला मात्र त्या चाचणीतली वेगळीच माणसं दिसत होती.

“ते अठ्ठेचाळीस जण,” मी म्हटलं, “त्यांना आराम का पडला?”

“प्लासिबो म्हण. शिवाय दुखणं आपोआप चढतं-उतरतं, आणि माणूस ऑपरेशनला येतो तो चढलेलं असतानाच.”

“आणखी एक सांगू? त्यांच्या पोटात कुणीतरी बघितलं होतं. आजवर सगळे म्हणायचे, रिपोर्ट नॉर्मल आहे, काही नाही तुम्हाला. पहिल्यांदा कुणीतरी आत डोकावून म्हणालं, हो, आहे बाबा इथे काहीतरी. मामा, दोरे सोनोग्राफीत दिसत नाहीत, सिटी स्कॅनमध्ये बहुतेक वेळा दिसत नाहीत. मी पाच वर्षं दिसत नसलेल्या गोष्टीनं दुखत असलेली बाई आहे. शाळेत मोठ्या बाईंना सांगितलं की त्या म्हणतात, परत पोट? तुला वाटतं मी १९ तारखेला कापून घ्यायला चाललेय. मी साक्षीदार मिळवायला चाललेय.”

“साक्षीसाठी पोटात तीन भोकं?”

“दुसरी सोय ठेवलीयत का तुम्ही लोकांनी?”

‘तुम्ही लोकांनी’ म्हटल्यावर तो दुखावला. मला ते दिसलं आणि मी शब्द मागे घेतला नाही.

मग मी त्याला पाच वर्षांचा पाढा वाचून दाखवला. एकानं ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. एकानं विचारलं, घरी सासूबरोबर कसं आहे. (सासूबाई उत्तम आहेत, त्या दिवशी त्याच मला रिक्षातून घेऊन आल्या होत्या.) एकानं न विचारता सुचवलं की मूल झालेलं आहे तर पिशवी काढून टाकू, बघू फरक पडतो का. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मला वाटायचं तो प्रश्न गरीब, अडाणी बायांचा. मी एम.एस्सी. बी.एड. आहे आणि मीही त्या खोलीत ‘विचार करून सांगते’ एवढंच म्हणू शकले.

“गॅबापेंटिन दिली होती एकानं,” मी म्हटलं. “फळ्यावर वर्तुळ काढताना मीच फिरायला लागले.”

“ती मी नसती दिली. ओटीपोट दुखणाऱ्या आणि दुर्बिणीत कारण न सापडलेल्या बायकांवर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला. साध्या साखरेच्या गोळीपेक्षा काही जास्त नाही, चक्कर मात्र जास्त.”

“बघ. म्हणजे कापायचं नाही, गोळी चालत नाही. मग काय? सवय करून घे, हेच ना?”

मामा उठला. मला वाटलं चिडला. तो म्हणाला, “दिवाणावर आडवी हो.”

“आत्ता?”

“आत्ता. पाय सरळ. एका बोटानं दाखव, कुठे.”

मी दोन जागा दाखवल्या. आजवर मी नेहमी हाताचा पंजा फिरवून ‘इथे सगळं’ म्हणत आले होते. एका बोटानं दाखव असं कुणी म्हटलं नव्हतं. एक जागा जुन्या टाक्याच्या उजवीकडे, रुपयाच्या नाण्याएवढी. तिथे कपड्याची नाडीसुद्धा चालत नाही. दुसरी खोल, तिला कड नाही, जेवणानंतर तासाभरानं जागी होते, पिळवटते, गुरगुरते आणि वारा सरला की उतरते.

मामानं पहिल्या जागेवर बोट दाबलं. “किती?”

“दहापैकी सहा.” मला हा प्रश्न आवडत नाही. दहा म्हणजे काय हे ज्यानं ठरवलं नाही त्याच्या पट्टीवर मी काय मोजणार? तरी सहा म्हटलं.

“आता बोट तसंच ठेवतो. तू हात छातीवर घे आणि डोकं नि खांदे उशीवरून उचल.”

उचललं आणि किंचाळले.

“वाढलं?”

“नऊ!”

“झोप. झोप आता.” त्याचा चेहरा एकदम तरुण झाला होता. “दुखणं पोटाच्या आत असतं तर स्नायू ताणल्यावर माझ्या बोटाला मध्ये ढाल लागली असती, दुखणं कमी झालं असतं. तुझं वाढलं. म्हणजे हे दुखणं भिंतीतलं आहे. टाक्याच्या बाजूला, स्नायूच्या कडेला, कातडीकडे येणारी एक बारीक नस अडकलेली असते. कार्नेट नावाच्या अमेरिकन सर्जननं १९२६ मध्ये ही खूण लिहून ठेवली. एक बोट लागतं, एक रुपया लागत नाही. शंभर वर्षं झाली आणि कुणी करत नाही.”

“तू करायचास?”

थोडा वेळ गेला. “शेवटची आठ-दहा वर्षं. त्याआधी नाही.”

दुसऱ्या जागेवर दाबून त्यानं पुन्हा डोकं उचलायला लावलं. तिथे दुखणं वाढलं नाही, थोडं कमीच झालं. “हे मात्र आतलं. हे आतडं असेल, दोरा असेल, किंवा दोन्ही. तुझी दोन दुखणी आहेत. तू पाच वर्षं त्यांना एकाच नावानं हाक मारतेयस.”

मला सांगायला हवं की हे ऐकून मला आनंद झाला नाही. आधी राग आला. साडेतीन सेंटिमीटर कागद, आणि दिवाणावर दोन मिनिटं.

“त्या नसेच्या जागी भूल देण्याचं औषध सुईनं सोडतात,” तो पुढे म्हणाला. “दुखण्याचं म्हणजे पेन क्लिनिक असतं, तिथले भूलतज्ज्ञ करतात. तिथल्या तिथे थांबलं तर निदान पक्कं झालं. काहींना दोन-चार सुयांत कायमचा आराम पडतो, काहींना आठ दिवस. तुला किती पडेल ते सांगत नाही. आणि एवढं केल्याशिवाय १९ तारखेला टेबलावर चढलीस, तर तो पुण्याचा माणूस आतले दोरे सुंदर सोडवील आणि ही नस आहे तिथेच राहील. तू म्हणशील ऑपरेशन फेल गेलं. तो म्हणेल, बाई मानसिक आहे.”

“आणि खोल दुखणं?”

“त्याच्यासाठी माझ्याकडे असं काही नाही.”

तो हे इतकं सरळ म्हणाला की माझ्याकडे भांडायला काही उरलं नाही. पण मी भांडलेच. मी म्हटलं, त्याच नेदरलँड्समध्ये आता श्वासाबरोबर आतडी सरकतात की अडकतात हे सिनेमासारखं दाखवणारा एमआरआय करतात, दोरे कुठे आहेत त्याचा नकाशा काढतात, निवडक लोकांनाच ऑपरेशन सुचवतात, आणि नंतर पुन्हा चिकटू नये म्हणून मध्ये थर सोडतात. तुझी २००३ ची चाचणी जुनी झाली.

“असेल. निवडून केलं तर काहींना फायदा होत असेल, मी नाही म्हणत नाही. तो नकाशा तुझ्या हातात आहे का? नाही. मग तू न निवडलेल्यांतली. आतडं पूर्ण अडकलं, काळं पडायला लागलं, तर मात्र मीच तुला उचलून टेबलावर ठेवीन. तेव्हा चर्चा नाही. हिरवी उलटी, पोट नगाऱ्यासारखं, वारा सरत नाही, कळा थांबून-थांबून येतायत, तर सकाळची वाट बघायची नाही. कळलं?”

मला ते सांगायला नको होतं; मी ते जगले आहे. चार दिवस नाकात नळी, पोटातलं सगळं पिशवीत, तोंडाला कोरड, आणि चौथ्या दिवशी पहाटे वारा सरला तेव्हा वॉर्डातल्या मावशीनं पेढे मागितले होते. दहावीच्या निकालाला एवढी खुशी झाली नसेल.

जेवायला बसलो. मामीनं मला मऊ भात, कढी आणि दुधी वाढला, न विचारता. मी पेरू सोडला आहे, कणीस, भाजलेले शेंगदाणे, मटकीची उसळ, संत्र्याच्या फोडींची सालं. भाकरी दुधात कुस्करून चालते. दोन वेळचं जेवण पाच वेळा करते, मधल्या सुट्टीत मुलींबरोबर डबा खाते. संकष्टीचा साबुदाणा एकदाच खाल्ला, पुन्हा नाही. गणपतीला मी माझं कारण कळवलं आहे.

“हे कुणी शिकवलं?” मामानं विचारलं.

“कुणी नाही. एकेक पदार्थानं शिकवलं.”

“लिहून काढलंयस?”

“कशाला?”

“माझ्याकडे यायच्या बायका,” तो भात कालवत म्हणाला, “मी त्यांना सांगायचो, ऑपरेशनची गरज नाही, काळजी करू नका. मला वाटायचं मी त्यांना वाचवतोय. कापण्यापासून वाचवतही होतो. पण दाराबाहेर गेल्यावर त्या काय खात होत्या, रात्री कुशीवर कशा झोपत होत्या, नवऱ्याला काय सांगत होत्या, हे मी एकीलाही विचारलं नाही. पुढची तारीखसुद्धा दिली नाही. कापायचं नाही म्हटल्यावर माझ्याकडे त्यांच्यासाठी तारीखच नव्हती.” मग जरा थांबून, “ऐंशीच्या सुमारास आम्ही हातमोजे धुऊन वापरायचो. आयाबाई दोरीवर वाळत घालायच्या, पावडर लावून घड्या करायच्या. ती पावडर पोटात पडली की तिच्यानंही चिकटतं. अमेरिकेनं पावडरचे मोजे बंद केले २०१७ मध्ये. आपण तर पोटात भाकरीचं पीठ भुरभुरावं तशी...”

“अहो, जेवताय,” मामी म्हणाली.

दुपारी मामा लिहायला बसला. एक पत्र सांगलीतल्या भूलतज्ज्ञाला : खूण, जागा, टाक्यापासूनचं अंतर, सगळं. दुसरं पुण्याच्या सर्जनला, अदबीनं, एका सर्जननं दुसऱ्याला लिहावं तसं. मी म्हटलं, त्यात एक ओळ माझीही घाल. काय, त्यानं विचारलं.

“लिही, पेशंटची दोन दुखणी आहेत, दोन्ही खरी आहेत.”

“हे वैद्यकीय भाषेत बसत नाही.”

“बसव.”

त्यानं बराच वेळ पेन फिरवलं. शेवटी जे लिहिलं ते इंग्रजीत होतं आणि जरा लांबलचक होतं, पण होतं. मग वहीचं एक पान फाडून त्यावर रकाने आखले : वेळ, काय खाल्लं, पहिलं दुखणं, दुसरं दुखणं, झोप. दहापैकी किती, हा रकाना त्यानं आखला होता. मी खोडला आणि त्या जागी लिहिलं, ‘उभं राहून किती वेळ शिकवता आलं’. त्यानं ते वाचलं आणि काही न बोलता पानावर महिन्याभरानंतरची एक तारीख टाकली. मिरज, सकाळी दहा.

सांगलीची सुई शुक्रवारी आहे. पुण्याची १९ तारीख मी रद्द केलेली नाही. मामाला ते माहीत आहे. निघताना त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. स्टँडवर सोडायला आला तेव्हा एसटीच्या खिडकीतून म्हणाला, “डावीकडच्या सीटवर बस. रस्ता खराब आहे, डाव्या कुशीवर टेकता येईल.”

मी आधीच डावीकडे बसले होते.